गाडीत वारा का घोंघावतो?

पूर्वी आपल्याकडे माल न्यायला बैलगाडी होती. बैलगाडीला ना दार, ना काच. वारा एका बाजूनं यायचा अन् दुसऱ्या बाजूनं जायचा. आता सोयाबीन अन् तुरीची पोती, संत्र्याची क्रेटं, शेळ्या, सिमेंट, सगळं पिकअपमधून जातं. गावोगावी कोणाचा ना कोणाचा मुलगा, भाऊ, जावई पिकअप चालवतो. कित्येकांचं घर त्याच गाडीवर चालतं.

रस्तेही बदलले. समृद्धी महामार्ग आपल्या वाशीम जिल्ह्यातून जातो. मालेगाव, शेलूबाजार, कारंजा इथून त्यावर चढता येतं. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला भाग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा सगळा रस्ता पुरा झाला. मालगाडीला त्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. गावाच्या रस्त्यावर ३०-४० नं चालणारी गाडी तिथं ८० नं पळते. अन् मग ड्रायव्हर म्हणतो, "गाडीत वारा लई घोंघावते. डोकं भणभणते."

हा आवाज कुठून येतो? तो कसा शोधायचा? कसा बंद करायचा? ते या पाठात पाहू.

आवाजाकडे लक्ष का द्यायचं?

"वाऱ्याचाच तर आवाज आहे, वाजू द्या," असं कोणी म्हणेल. पण त्यात तीन धोके आहेत.

पहिला धोका कानाला. आवाज डेसिबल या मापानं मोजतात. आपलं साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. रोज ८ तास ८५ डेसिबलपेक्षा मोठा आवाज कानावर पडत राहिला, तर ऐकू येणं हळूहळू कमी होतं. असं गेलेलं ऐकणं परत येत नाही. माप घ्यायला यंत्र नसलं तरी एक खूण आहे. हातभर अंतरावर बसलेल्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागला, तर तो आवाज कानाला वाईट, असं समजा.

दुसरा धोका रस्त्यावरचा. आत गोंगाट असला की मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही. रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येत नाही. टायरचा बिघडलेला आवाजही दबून जातो. शिवाय माणूस लवकर थकतो. थकला की डुलकी लागते.

तिसरा धोका सर्वांत मोठा. ज्या फटीतून वारा येतो, त्याच फटीतून धूळ येते, पाणी येतं, अन् इंजिनचा धूरही येऊ शकतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं ही त्याची लक्षणं. गाडीत असं वाटलं तर लगेच काचा खाली करा. गाडी सुरक्षित जागी उभी करा, इंजिन बंद करा अन् मोकळ्या हवेत या. जास्त त्रास असला तर दवाखाना गाठा.

वारा शिट्टी कशी घालतो?

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारा. आवाज निघतो. बासरीच्या भोकावर फुंकलं की सूर निघतो. हवा जोरात कडेवर आपटली, अरुंद फटीतून निघाली, की ती थरथरते. ती थरथर म्हणजेच आवाज.

गाडी पळते तेव्हा दाराच्या बाहेरून हवा वेगानं जाते. त्यामुळे बाहेरचा दाब कमी होतो अन् आतली हवा बाहेर ओढली जाते. दारही थोडं बाहेर ओढलं जातं. उभ्या गाडीत घट्ट वाटणारं दार ८० च्या वेगात सैल होतं ते यामुळेच.

वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. म्हणून ४० वर जो आवाज जाणवत नाही, तो ८० वर कान फोडतो.

आधी खात्री करा: आवाज वाऱ्याचाच आहे का?

गाडी उभी ठेवून इंजिनचा वेग वाढवा. तोच आवाज आला तर तो इंजिनचा.

डांबरी रस्ता सोडून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्याबरोबर आवाज बदलला, तर तो टायरचा.

वळणावर आवाज कमी-जास्त झाला, तर चाकाचं बेअरिंग पाहा. हे काम लांबवू नका.

वाऱ्याचा आवाज वेगाबरोबर वाढतो अन् वाऱ्याच्या दिशेप्रमाणे बदलतो. पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. अशा दिवशी कारंजाहून मालेगावकडे जाताना वारा समोरून लागतो, येताना पाठीवर असतो. जाताना आवाज मोठा अन् येताना लहान असला, तर आवाज वाऱ्याचा आहे हे ओळखा.

आवाजावरून जागा ओळखा

बारीक शिट्टी: अरुंद फट. दाराचं रबर, काचेची कड किंवा समोरच्या काचेचं रबर.

सूंऽ सूंऽ असा आवाज: मोठी फट. दार नीट बसत नाही.

एकसारखं घोंघावणं: आरसा, टपावरचं कॅरियर, ताणलेली दोरी किंवा पट्टा.

फडफड: सुटलेलं रबर, ताडपत्री, दारावरची प्लास्टिकची पट्टी.

एकच काच उघडी असताना कानात धबधब: हा बिघाड नाही. दुसऱ्या बाजूची काच थोडी खाली करा, थांबेल.

मिस्त्री काय म्हणतो?

समजा, एक ड्रायव्हर मिस्त्रीकडे गेला आहे. त्यांचं बोलणं ऐका.

ड्रायव्हर: मिस्त्री, दारातून लई शिट्टी वाजते. दोन्ही दारांचं रबर बदलून टाका.

मिस्त्री: भाऊ, कोणत्या दारातून वाजते ते पाहिलं काय?

ड्रायव्हर: नाही पाहिलं. पण रबरच असन नं!

मिस्त्री: औषध द्यायच्या आधी डॉक्टर नाडी पाहते. आपणही पाहू. रबर चांगलं असलं अन् बिजागरी झिजली असली, तर नवं रबर घालूनही शिट्टी वाजतच राहीन. तुमचा पैसा जाईन अन् माझं नाव जाईन.

मिस्त्रीचं म्हणणं खरं आहे. आधी शोध, मग खर्च.

उभ्या गाडीत फट शोधणे

१. कागदाची परीक्षा. वर्तमानपत्राची चार बोटं रुंद पट्टी घ्या. ती दारात धरून दार लावा. मग पट्टी ओढा. ती अडकत यावी. सहज निसटली, तर तिथं रबर दाबलं जात नाही. दाराच्या चारी बाजूंनी वीतभर अंतरावर असं करा.

२. खडूची परीक्षा. रबरावर खडू घासा. दार लावा, उघडा. चौकटीवर खडूची रेघ सलग उमटली पाहिजे. रेघ तुटली तिथं फट.

३. बॅटरीची परीक्षा. अंधारात एकानं आत बसून रबराच्या कडेनं बॅटरी फिरवावी. दुसऱ्यानं बाहेरून पाहावं. उजेड दिसला तिथं वारा शिरतो. पायाजवळचीही जागा पाहा. पेडल, गिअरचा दांडा अन् वायरी जिथून आत येतात, तिथलं रबर बऱ्याचदा फाटलेलं असतं.

४. पाण्याची परीक्षा. एकानं आत बसावं. दुसऱ्यानं पाणी खालून सुरू करून हळूहळू वर न्यावं. एकदम वरून ओतलं तर पाणी कुठून शिरलं ते समजत नाही.

चालत्या गाडीत फट शोधणे

यासाठी दोघं जण हवेत. एकानं फक्त गाडी चालवावी. दुसऱ्यानं ऐकावं. चालवणाऱ्यानं कान लावायला वाकू नये. ही परीक्षा समृद्धीवर करू नका. तिथं वाटेत थांबता येत नाही. कमी रहदारीचा सरळ रस्ता निवडा अन् वेगाची मर्यादा पाळा.

ऐकणाऱ्यानं हातभर रबरी नळी घ्यावी. एक टोक कानाशी धरावं, दुसरं दाराच्या कडेनं फिरवावं. डॉक्टरच्या नळीसारखी ती आवाजाची जागा दाखवते. मग आपल्या बाजूचं दार मुठीला धरून आत ओढावं. आवाज कमी झाला, तर दाराची बसण सैल आहे.

आता चिकटपट्टीची परीक्षा. रंगारी लोक वापरतात ती कागदी चिकटपट्टी आणा. संशयाच्या सगळ्या फटींवर बाहेरून लावा. गाडी चालवून पाहा. आवाज थांबला? मग गाडी कडेला सुरक्षित जागी उभी करून एका जागेची पट्टी काढा अन् पुन्हा चालवा. असं एकेक करत जा. ज्या पट्टीनंतर आवाज परत आला, तीच चोराची जागा. एका वेळी एकच पट्टी काढायची. दोन काढल्या तर काही कळणार नाही.

पट्टी कागदीच हवी. अडचणीत दार ढकललं की ती फाटली पाहिजे. आरशाच्या काचेवर अन् दिव्यांवर पट्टी लावू नका.

दुरुस्ती: स्वस्त उपाय आधी

सफाई. आपल्याकडे सोयाबीन अन् तुरीच्या भुशाचा थर रबरावर बसतो. साबणाच्या पाण्यानं रबर पुसा, वाळवा. कधी कधी एवढ्यानंच काम होतं. रबराला रॉकेल, डिझेल किंवा इंजिन ऑइल लावू नका. त्यानं रबर फुगतं अन् खराब होतं. सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात चालतो.

दाराची बसण. दार उघडून त्याचं टोक वर उचला. दार हललं तर बिजागरी झिजली आहे. ती आधी दुरुस्त करा. बिजागरी ठीक असली तर चौकटीवरचा कुलपाचा खुंटा पाहा. आधी त्याच्या जागेवर पेन्सिलनं खूण करा. मग स्क्रू ढिले करून तो किंचित आत सरकवा अन् घट्ट आवळा. दार लावताना दोन वेळा टक-टक वाजलं पाहिजे. एकदाच टक झालं तर दार अर्धंच लागलं. असं दार चालत्या गाडीत उघडू शकतं.

रबर बदलणे. रबर चपटं, कडक किंवा फाटलेलं असलं तर बदला. आपल्या गाडीच्या मॉडेलचंच घ्या. बसवताना ताणू नका. ताणलेलं रबर पुढं आखडतं अन् कोपऱ्यात फट पडते. जोड दाराच्या खालच्या बाजूला ठेवा.

आरसा अन् कॅरियर. आरशाच्या बुडाचे स्क्रू आवळा, खालचं रबर पाहा. आवाज नको म्हणून आरसा काढू नका. कॅरियरच्या आडव्या नळीवर दोरी वेटोळी गुंडाळून घट्ट बांधा. त्यानं वारा तुटून जातो अन् घोंघावणं कमी होतं. काही उंच लोखंडी धुराड्यांवर वळणदार पट्टी असते, ती याच कामासाठी. माल बांधायचा चपटा पट्टा गुणगुणत असला तर त्याला एक पीळ द्या.

समोरची काच. तिची कड सुटली असली तर घरी खटाटोप करू नका. ते जाणत्या मिस्त्रीचं काम आहे. चिकटवलेली काच पूर्ण वाळेपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नका.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. दाराच्या तळाशी लहान भोकं असतात. ती पाणी निघून जाण्यासाठी आहेत. फट समजून ती बुजवली, तर पाणी आत साचून दार सडतं.

ध्यानात ठेवा

आधी शोधा, मग पैसा खर्च करा.
एका वेळी एकच बदल करा.
चालवणाऱ्यानं चालवावं, ऐकणाऱ्यानं ऐकावं.
आत धुराचा वास आला किंवा दार अर्धंच लागत असलं, तर फेरी थांबवा. माल उद्याही पोचेल. घरी वाट पाहणाऱ्यांना माणूस आज हवा आहे.

प्रश्न

१. वेग ४० वरून ८० झाला, तर वाऱ्याचा जोर किती पट होतो?
२. कागदाची परीक्षा कशी करतात?
३. चिकटपट्टी एकेक करूनच का काढायची?
४. रबराला रॉकेल का लावू नये?
५. तुमच्या गावातली एक पिकअप पाहा. मालकाला विचारून तिच्या दाराची खडूची परीक्षा करा. काय आढळलं ते पाच ओळींत लिहा.