‘नेट नाही’ म्हणून दाखला अडला?

प्रश्न : गावातल्या सेवा केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अर्ज दिला. महिना झाला, रोज ‘नेट नाही’ हेच ऐकतो. काय करावं?

उत्तर : आधी पोचपावती पाहा. तिच्यावरचा क्रमांक ‘आपले सरकार’ पोर्टलवर टाकला की अर्जाची स्थिती कळते. पावतीच नसेल, तर अर्ज बहुधा भरलेलाच नाही; तो मोबाइलवरूनही भरता येतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा तुमचा हक्क आहे. मुदत उलटली, तर ३० दिवसांत खात्यातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील करा. मग दुसरं, शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे. कसूरदार अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पावती मात्र जपून ठेवा.