यानाच्या उच्छ्वासाची परीक्षा

आपल्या दापोडीच्या एस. टी. कार्यशाळेंतील कुशल कारागीर गाडीचा धूर पाहूनच यंत्राची प्रकृति ओळखतो. धूर काळा असेल तर डिझेल पुरतें जळत नाहीं. निळसर असेल तर वंगणाचें तेल जळत आहे. अवकाशयानाच्या ‘धुराची’ परीक्षा कशी होते, तें आज पाहूं.

विद्युत्-प्रणोदकांत कांहींच जळत नाहीं. झेनॉन ह्या जड, निष्क्रिय वायूच्या अणूंवर इलेक्ट्रॉन आदळवून त्यांना धनभारित करतात. अशा कणांस आयन म्हणतात. विद्युत्क्षेत्र त्यांना सेकंदास पंधरा किलोमीटरांहून अधिक वेगानें बाहेर फेकतें. रासायनिक अग्निबाणाचा झोत तीन-चार किलोमीटरच गांठतो. म्हणून येथें थोडक्या द्रव्यांत दीर्घकाळ काम भागतें. जोर मात्र अल्प. इस्रोनें २०२५ सालीं ज्या प्रणोदकाची १,००० तासांची कसोटी पूर्ण केली, त्याचा जोर ३०० मिलिन्यूटन, म्हणजे सुमारें ३० ग्रॅमच्या भाराइतकाच!

झोत सरळच जाता, तर चिंता नव्हती. पण तो पसरतो. शिवाय वेगवान आयन मंद अणूचा इलेक्ट्रॉन हिरावून घेतो व स्वतः तटस्थ होऊन निघून जातो. मागें उरतो मंद आयन. असे आयन बाजूस, प्रसंगीं उलटही वळतात. वेगवान कण सौरपट्टांस झिजवितात. प्रणोदकाच्या भिंतींचें झिजलेलें द्रव्य त्यांच्या कांचांवर बसूं शकतें. सौरपट्ट मंदावले कीं उपग्रहाचें आयुष्य खुंटतें.

म्हणून निर्वात कोठींत प्रणोदक चालवून पाहतात. झोताभोंवतीं फिरणारी धातूची तबकडी, म्हणजे फॅरेडे शोधक, कोणत्या कोनांत किती प्रवाह येतो तें मोजते. लँगम्यूर शोधकाची बारीक तार इलेक्ट्रॉनांची घनता व तापमान सांगते. तिसरें उपकरण विद्युद्दाबाची भिंत उंचावीत जातें आणि ती किती आयन ओलांडतात, ह्यावरून त्यांची ऊर्जा ठरवितें. परंतु कोठींत थोडा वायू उरतोच व तो मंद आयनांची संख्या वाढवितो. सबब अवकाशांतील मापन हवेंच. १९९८ सालीं निघालेल्या अमेरिकेच्या ‘डीप स्पेस १’ यानावर अशीं उपकरणें होतीं. आपल्याकडे ५ मे २०१७ रोजीं निघालेल्या जीसॅट-९ उपग्रहावर विद्युत्-प्रणोदन होतें.

विद्यार्थ्यांनो, आतां एक गणित करा. ३,००० किलोग्रॅमच्या उपग्रहास ३०० मिलिन्यूटन जोर एक दिवस सतत लावल्यास वेग किती वाढेल? उत्तर: सेकंदास सुमारें ८.६ मीटर. थेंबें थेंबें तळें साचतें, तें असें.