लिनक्स फुकट, पुढचं बिल किती?

कर्जत, नेरळ, कशेळे, चौक, खालापूर या पट्ट्यात शनिवार-रविवार भाड्यानं जाणाऱ्या बंगल्यांची आणि कृषी पर्यटन केंद्रांची दाटी झाली आहे. पाहुणे बहुतेक बुकिंगच्या मोठ्या साइटवरून येतात आणि साइट आपलं कमिशन कापून घेते. मग कुणीतरी सुचवतं: स्वतःची बुकिंग व्यवस्था उभी करा, लिनक्सवर सर्व्हर टाका, सगळं फुकट असतं. सांगणारा खोटं बोलत नाही. उबुंटू किंवा डेबियन, त्यावर एनजिनएक्स किंवा अपाची, पीएचपी किंवा पायथन, मारियाडीबी किंवा पोस्टग्रेस, यांतल्या कशालाच परवान्याचे पैसे पडत नाहीत. विंडोज सर्व्हरचा परवाना हजार डॉलरच्या वर जातो, तेवढी रक्कम वाचते. बाकीचं बिल मात्र येतंच.

सर्व्हरचं भाडं

यंत्र विकत घ्यायचं नाही, भाड्यानं घ्यायचं. व्हीपीएस म्हणजे मोठ्या यंत्रातला आपल्यापुरता वेगळा केलेला भाग. परदेशी कंपन्यांचे दर डॉलरमध्ये असतात आणि भारतीय ग्राहकाला वर १८ टक्के जीएसटी लागतो. डॉलर ९० रुपये धरून हिशेब असा पडतो. १ जीबी रॅमचा सर्व्हर महिना ६ डॉलरच्या आसपास मिळतो, म्हणजे वर्षाला करासकट साधारण ७,६५० रुपये. २ जीबीला १२ डॉलर, वर्षाचे १५,३००. ४ जीबीला २४ डॉलर, वर्षाचे ३०,६००. ठिकाण निवडताना मुंबई किंवा बंगळुरू घ्या. दर सारखाच असला तरी पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला पान लवकर उघडतं.

किती रॅम लागते? वर्डप्रेस आणि त्यावर बुकिंगचं प्लगइन असेल तर १ जीबीत भागतं, पण लाँग वीकएंडच्या आदल्या गुरुवारी ते धापा टाकतं. २ जीबी घ्या. जावात लिहिलेलं आणि टॉमकॅटवर चालणारं काही असेल तर २ जीबीच्या खाली जाऊच नका. खोपोलीत छोटा कारखाना किंवा फॅब्रिकेशनचं युनिट असेल आणि माल, बिलं, हजेरी एका जागी हवी असेल, तर मुंबईतल्या फ्रापे कंपनीची ईआरपीनेक्स्ट ही प्रणाली मुक्त स्रोत आहे. माणशी परवाना शुल्क नाही. मात्र तिला ४ जीबी द्यावी लागते.

पैसे भरताना एक अडचण हमखास येते. दरमहा आपोआप कापून घ्यायची परवानगी परदेशी कंपनीच्या बाबतीत बँक कधी मंजूर करते, कधी नाही. बिल थकलं की सर्व्हर बंद होतो आणि काही दिवसांनी पुसलाही जातो. शक्य असेल तिथे वर्षाचे पैसे आगाऊ खात्यात टाकून ठेवा. रुपयांत बिल देणारी आणि यूपीआय घेणारी कंपनी थोडी महाग पडली तरी चालेल. कार्डावर परकीय चलनासाठी कापले जाणारे दोन-तीन टक्के तिथे वाचतात.

फार्महाउसवरच ठेवला तर?

हा प्रश्न सगळे विचारतात, म्हणून हिशेब करून टाकू. साधा जुना डेस्कटॉप ६० वॉट खातो असं धरा. दिवसाला दीड युनिटाच्या आत, वर्षाला सुमारे ५२५ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर ५,२५० रुपये नुसत्या विजेचे. त्यात इन्व्हर्टर आणि बॅटरी मिळवा, ब्रॉडबँड मिळवा, आणि स्टॅटिक आयपीचे वेगळे पैसे. तो घेतला नाही तर बहुतेक जोडण्यांवर बाहेरचा माणूस तुमच्या यंत्रापर्यंत पोहोचतच नाही, कारण एकच आयपी अनेक घरांत वाटलेला असतो. १९१५ साली खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज सुरू झाली, पण जूनमध्ये झाड तारेवर पडलं की आपली लाइट जाते ती जातेच. शिवाय पाहुण्यांची गर्दी पावसाळ्यातच असते. घरचा सर्व्हर शिकायला ठेवा, धंद्याला नको. पनवेलजवळ २०२० पासून मोठं डेटा सेंटर उभं आहे. वीज आणि थंडावा राखणं हे अशा सेंटरांचं काम.

जिथे खरे पैसे जातात

सर्व्हर सुरू झाल्यावर काही मिनिटांतच परकी यंत्रं त्याचे पासवर्ड आजमावू लागतात. घाबरायचं कारण नाही, सगळ्यांच्याच बाबतीत हे होतं. पण पासवर्डनं लॉगिन बंद करून की (म्हणजे चावीची फाइल) वापरणं, फायरवॉल लावणं, सुरक्षेचे अपडेट आपोआप होतील असं पाहणं, हे कुणीतरी केलं पाहिजे. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या उबुंटू २४.०४ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतात, तेही फुकट. ते लावणारा माणूस फुकट मिळत नाही. साइटच्या कुलपाचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून विनामूल्य मिळतं, पण ते तीन महिन्यांहून जास्त टिकत नाही. आपोआप नवं घेण्याची सोय बिघडली की पाहुण्याला ‘ही साइट सुरक्षित नाही’ अशी पाटी दिसते आणि तो दुसरीकडे जातो. प्रमाणपत्रासाठी कुणी वर्षाला हजारो रुपये मागत असेल तर नाही म्हणा.

पहिल्या उभारणीसाठी ओळखीच्या तंत्रज्ञाला मी १०,००० रुपये धरतो, आणि देखभालीला महिना १,५००. यात कर्जतला यायचं भाडं नसतं. सगळं दुरूनच होतं. काम ठरवताना एकच अट जोर देऊन घाला: दर तीन महिन्यांनी बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उतरवून, चालवून दाखवायचा. बॅकअपची सोय सर्व्हरच्या भाड्याच्या पाचव्या हिश्शात मिळते, २ जीबीला वर्षाला साधारण ३,०६० रुपये. तरी त्या कंपनीबाहेर एक प्रत हवीच. खातंच बंद पडलं तर आतला बॅकअपही त्याच्याबरोबर जातो.

एसएमएस पाठवायचे असतील तर ट्रायच्या नियमानुसार आधी डीएलटी या यंत्रणेत पाठवणाऱ्याची नोंदणी लागते. तिला साधारण ५,९०० रुपये पडतात, संदेशांचे पैसे निराळे. चार खोल्यांच्या घराला हे कशाला? ईमेल आणि व्हॉट्सअॅप पुरे. ईमेलही थेट सर्व्हरवरून पाठवू नका. बऱ्याच कंपन्या नव्या ग्राहकाला तो मार्ग बंदच ठेवतात, आणि गेलाच तर मेल स्पॅममध्ये पडतो. मेल पाठवणारी वेगळी सेवा जोडून घ्या.

परवडतं का?

२ जीबीचा सर्व्हर १५,३००, बॅकअप ३,०६०, डोमेन नूतनीकरण धरून १,०००, देखभाल १८,०००. वर्षाचे ३७,३६० रुपये, पहिल्या वर्षी उभारणीचे १०,००० आणखी. खास लिहून घेतलेली प्रणाली असेल तर तिचे पैसे यात नाहीत. आता ८,००० रुपयांचं बुकिंग घ्या आणि साइटचं कमिशन १५ टक्के धरा. एका बुकिंगमागे १,२०० वाचले. पेमेंट गेटवेनं २ टक्के आणि त्यावर जीएसटी घेतला की उरतात सुमारे १,०१०. म्हणजे वर्षाला ३७ बुकिंगं मोठ्या साइटकडून स्वतःकडे वळवली तर खर्च भरून निघतो. नवी बुकिंगं आपोआप येतील हे मनातून काढा. वळतात ते आधी येऊन गेलेले पाहुणे.

एकच बंगला आणि पावसाळ्यातले चार महिने एवढाच धंदा असेल, तर सर्व्हरच्या फंदात पडू नका. दोन-तीन हजारांचं शेअर्ड होस्टिंग, गूगल मॅपवर नीट भरलेली माहिती आणि यूपीआयचा क्यूआर कोड एवढ्यावर काम भागतं. सर्व्हर शोभतो तो कळंब-कशेळ्याकडच्या पाच-सहा घरमालकांनी मिळून एक व्यवस्था चालवली तर. खर्च वाटला जातो, आणि एकाकडे जागा नसली तर पाहुणा शेजाऱ्याकडे जातो.

डोमेन, सर्व्हरचं खातं आणि त्यांच्याशी जोडलेला मोबाइल नंबर, तिन्ही मालकाच्या नावावर घ्या. तंत्रज्ञाला स्वतःची वेगळी की द्या, काढून घेता येईल अशी. तो पुण्याला नोकरीला लागला तर एक ओळ पुसायची, दुसऱ्याची घालायची. डोमेन मात्र त्याच्या नावावर असेल तर नूतनीकरणाची सूचनाही त्याच्याच ईमेलवर जाणार. पहिल्या वर्षाचा ‘९९ रुपयांत’ वाला दर पाहून भुलू नका. नूतनीकरणाचा दर विचारा आणि तीन वर्षांचं एकदम भरून टाका.