जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालेल का?

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१६ चा आहे. सहाव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम. विंडोज ११ साठी तो पात्र नाही असा संदेश येतो. तरीही टाकावं का?

उत्तर : टाकता येतं, आणि ते चालतंही. तुमच्या लॅपटॉपची ताकद कमी पडत नाही. अडतं ते मायक्रोसॉफ्टच्या पात्र प्रोसेसरांच्या यादीपाशी. ती इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. दुसरी अट टीपीएम २.० या सुरक्षा सोयीची. ती सोय तुमच्याकडे असेलही, फक्त बंद असेल. बायोसमध्ये ‘पीटीटी’ हा पर्याय शोधून पाहा.

‘रुफस’ या मोफत प्रोग्रॅमने विंडोज ११ टाकण्यासाठीचा पेन ड्राइव्ह बनवताना एक छोटी चौकट समोर येते. तिथे टीपीएम, सिक्युअर बूट आणि रॅमची अट काढण्याच्या पर्यायावर खूण करा. त्याआधी सगळे फोटो, कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि ती उघडतात का, हेही तपासा. ही पायरी कृपा करून गाळू नका.

आता धोका. अशा संगणकाला अपडेट मिळतीलच, अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. वर्षाकाठी येणारी मोठी आवृत्ती बहुधा हातानेच टाकावी लागते. पण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बँकेचे व्यवहार करणाऱ्याने त्यावर तसंच बसून राहणं मला जास्त धोक्याचं वाटतं.

आणि आत अजून जुनी हार्ड डिस्क असेल, तर आधी एसएसडी बसवा.