कर्करोगाआधीची पंधरा वर्षे

पिंपरीच्या संत तुकाराम नगरात महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. त्याच परिसरात, थोड्या अंतरावर, १९५४ साली स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आहे. आपल्या देशात पेनिसिलीन बनू लागले ते या कारखान्यात. जिवाणूंमुळे होणारे कितीतरी रोग या औषधाने आटोक्यात आले.

परंतु स्त्रियांना होणाऱ्या एका कर्करोगाचे मूळ जिवाणूत नसून विषाणूत आहे. विषाणूवर पेनिसिलीनचा काहीही परिणाम होत नाही. मग त्यावर उपचार कसे करतात? ते आज आपण पाहू या.

रोग कोठे व कसा सुरू होतो?

गर्भाशयाच्या खालच्या, अरुंद भागाला गर्भाशयमुख म्हणतात. याच्या बाहेरच्या बाजूस फरशांप्रमाणे बसलेल्या चपट्या पेशी असतात आणि आतल्या बाजूस उभ्या, खांबांसारख्या पेशी असतात. या दोन प्रकारच्या पेशी जेथे मिळतात त्या पट्ट्यात पेशींची सतत अदलाबदल चाललेली असते. नेमक्या याच पट्ट्यात ‘एचपीव्ही’ नावाचा विषाणू आपले बस्तान बसवतो. जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८३ साली या विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार कर्करोगाच्या पेशींत दाखवून दिला. त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हा विषाणू शारीरिक संबंधांतून पसरतो. तो इतका सर्रास आढळतो की त्याबद्दल कोणाला दोष देण्याचे किंवा लाज वाटण्याचे कारण नाही. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो एकदोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. थोड्या जणींत मात्र तो टिकून राहतो व पेशींची रचना हळूहळू बिघडवतो. या बिघाडाला कर्करोगपूर्व अवस्था म्हणतात. तेथून खरा कर्करोग होण्यास साधारणपणे पंधरा ते वीस वर्षे लागतात. शत्रू इतका सावकाश चालतो, हीच आपल्या बाजूची मोठी गोष्ट होय.

गोठवणे, तापवणे, कापणे

बिघाड अगदी सौम्य असेल तर डॉक्टर बहुधा काहीच करीत नाहीत. ठरावीक काळाने पुन्हा तपासतात, कारण असा बिघाड पुष्कळदा आपोआप दुरुस्त होतो. बिघाड वाढलेला असेल तर मात्र तेवढा भाग काढून टाकावा लागतो. त्याच्या तीन रीती आहेत.

पहिली रीत गोठवण्याची. दाबाखाली भरलेला नायट्रस ऑक्साइड किंवा कार्बन डायऑक्साइड वायू बारीक छिद्रातून एकदम बाहेर सोडला की प्रसरण पावतो आणि अतिशय थंड होतो. या थंडीने गारठलेले धातूचे टोक बिघडलेल्या भागावर टेकवतात. पेशींतील पाण्याचे बर्फ होते आणि पेशी मरतात. तीन मिनिटे गोठवायचे, पाच मिनिटे वितळू द्यायचे आणि पुन्हा तीन मिनिटे गोठवायचे, असा क्रम असतो. म्हणजे अवघ्या अकरा मिनिटांचे काम! भूल देण्याची सहसा गरज पडत नाही. पुढील काही आठवड्यांत त्या जागी नवी, निरोगी त्वचा येते.

दुसरी रीत याच्या उलट आहे. सुमारे शंभर अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेले टोक वीस ते तीस सेकंद टेकवून पेशी नष्ट करतात.

तिसऱ्या रीतीत तारेच्या बारीक फाशातून उच्च वारंवारतेची वीज सोडतात व बिघडलेला भाग खरवडून बाहेर काढतात. गोठवलेला किंवा जाळलेला भाग तपासता येत नाही. पण फाशाने काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आत कर्करोग दडलेला नाही ना, याची खात्री करता येते. बिघाड आतल्या बाजूस खोल गेला असेल तर शंकूच्या आकाराचा तुकडा कापून काढतात.

या सर्व उपचारांत गर्भाशय जागेवरच राहते, हे विशेष होय.

रोग पुढे गेल्यावर

कर्करोग झाला, पण तो गर्भाशयमुखापुरताच आणि लहान असेल, तर शस्त्रक्रियेने गर्भाशय व भोवतालच्या लसिका ग्रंथी काढतात. रोग आजूबाजूला पसरला असेल तर शस्त्रक्रिया पुरी पडत नाही. तेव्हा किरणोपचार द्यावे लागतात. प्रथम काही आठवडे बाहेरून किरण सोडतात. त्यासाठी लागणारे कोबाल्टचे ‘भाभाट्रॉन’ नावाचे यंत्र मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तयार केले आहे. त्यानंतर इरिडिअम किंवा कोबाल्टचा छोटासा किरणोत्सारी स्रोत थेट गर्भाशयमुखाजवळ काही मिनिटे ठेवतात. बिंदूसारख्या स्रोताच्या किरणांची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, हे तुम्ही भौतिकशास्त्रात शिकता. म्हणून अर्बुदाला भरपूर मात्रा मिळते आणि शेजारच्या मूत्राशयाला व गुदाशयाला कमी. याच काळात दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनमयुक्त औषध शिरेतून देतात. त्यामुळे किरणांनी जखमी झालेल्या पेशींना स्वतःची दुरुस्ती करता येत नाही.

रोग दूरवर पसरला असेल तर औषधे देऊन तो रोखण्याचा प्रयत्न करतात आणि वेदना कमी करणे हाही उपचाराचा महत्त्वाचा भाग ठरतो.

मराठवाड्यातील खेड्यांनी दिलेला पुरावा

उपचार तर आहेत. पण ते वेळेवर झाले तर फरक किती पडतो? याचे उत्तर आपल्याच मातीत मिळाले. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांचा त्यात सहभाग होता. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे गावांच्या समूहांनुसार चार गट पाडले. तीन गटांना तीन वेगवेगळ्या तपासण्या एकदाच देऊ केल्या. चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवाच मिळाली. त्यावर पुढे टीकाही झाली. तपासणीत दोष आढळलेल्या स्त्रियांवर उपचार करण्यात आले.

२००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतील दोन गटांचे आकडे पाहा. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या. त्यांच्यापैकी १२७ जणींना कर्करोग आढळला व ३४ जणी त्याने दगावल्या. तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ स्त्रिया होत्या; कर्करोग ११८ जणींना आढळला, पण दगावल्या ६४.

रोगी जवळजवळ सारखेच, मग मृत्यू इतके कमी कसे? याचे उत्तर आणखी दोन आकड्यांत आहे. पहिल्या गटात पुढच्या अवस्थेला गेलेले रोगी ३९ होते, तर दुसऱ्यात ८२! रोग सापडला दोन्हीकडे. एकीकडे तो लवकर सापडला, एवढाच फरक.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ साली सुरू झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात किमान दहावी शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना शिकवून तयार केले. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, लावले की बिघडलेला भाग पांढरा दिसतो. एवढ्या साध्या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

घरी सांगण्यासारखे

९ ते १४ वर्षे वयाच्या मुलींसाठी या विषाणूवर लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीला २०२२ साली परवानगी मिळाली. पण लस झालेला संसर्ग बरा करीत नाही. म्हणून तीस वर्षांवरील स्त्रियांनी तपासणी करून घ्यायला हवी. पाळी बंद झाल्यावर किंवा दोन पाळ्यांच्या मधे रक्तस्राव झाला तर थांबू नये. ‘मला काही होत नाही, मग दवाखान्यात कशाला?’ असे आई किंवा मावशी म्हणाली, तर तिला उस्मानाबादचे आकडे सांगा. काही होत नाही, तेव्हाच अकरा मिनिटांत काम भागते.

विचार करा

१. वरील दोन गटांत दर हजार स्त्रियांमागे किती मृत्यू झाले ते काढा. गुणोत्तर किती येते?

२. स्रोतापासून १ सेंटिमीटर अंतरावरील तीव्रतेच्या मानाने ३ सेंटिमीटर अंतरावर तीव्रता किती राहील?

३. शंका असताना गोठवण्याऐवजी फाशाने तुकडा काढणे डॉक्टर का पसंत करतील?