सणाचा स्वयंपाक : पंचांगातच असलेली व्यवस्था



श्रावण सरत आला म्हणजे घरोघरी एकच चर्चा सुरू होते. हरतालिका, चतुर्थी, ऋषिपंचमी, महालक्ष्म्या, पुढे पितृपक्ष, नवरात्र आणि दिवाळी. हे सारे दोन-अडीच महिन्यांत पार पाडावयाचे असते. या काळात देवघराची व्यवस्था कशी असावी हे सांगणारे पुष्कळ आहेत. स्वयंपाकघराची व्यवस्था कशी असावी हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. वस्तुतः सणाचा अर्धा भार चुलीवरच असतो. म्हणून या पाठात त्या विषयाचा थोडा विचार करण्याचे योजिले आहे.

आमचे वय लहान आहे आणि स्वयंपाकातील आमचे ज्ञान नारळ खवण्यापलीकडे फारसे गेलेले नाही, हे आम्ही प्रथमच कबूल करतो. तथापि वडिलांच्या मागे पूजेची पिशवी घेऊन गेली दहा-बारा वर्षे आम्ही इंदुरातील अनेक घरांत जात आलो आहोत. चतुर्थीला एका सकाळी सात-आठ घरे होतात. पूजा सांगणाऱ्यास देवापुढचे ताट दिसते, तसेच ते ताट घेऊन येणारी थकलेली माउलीही दिसते. बहुधा ती आदल्या दिवशीची निर्जळ उपवासी असते.

पुरोहिताच्या घरी तर या दिवसांत अधिकच ओढाताण होते. घरातील पुरुष पहाटेपासून यजमानांकडे जातात आणि घरचा नैवेद्य एकट्या गृहिणीवर पडतो. काही वर्षांपूर्वी आमच्या मातोश्रींनी हरतालिकेचा कडक उपवास केला, रात्री जागरण केले आणि पहाटे उठून चतुर्थीच्या स्वयंपाकास लागल्या. मोदकपात्राचे झाकण काढताना त्यांस घेरी आली व वाफेने उजवा हात मनगटापर्यंत भाजला. आम्ही दुपारी दोन वाजता घरी आलो तेव्हा नैवेद्याचे ताट वाढलेले होते आणि त्या ओला पंचा हाताला गुंडाळून बसल्या होत्या. वडील काही बोलले नाहीत. पूजा झाल्यावर त्यांनी पंचांग उघडले आणि आम्हां भावंडांस समोर बसवून एक गोष्ट दाखविली. तीच या पाठाचा मुख्य आशय आहे.

सणांचा मूळ क्रम

हरतालिका ही भाद्रपद शुद्ध तृतीयेस येते. त्या दिवशी व्रतस्थ स्त्रियांच्या स्वयंपाकास सुट्टी असते. चतुर्थीस मोदकांसह पूर्ण स्वयंपाक असतो. पंचमीस ऋषीची भाजी करतात. बैलाच्या कष्टाने पिकलेले धान्य त्या दिवशी व्रतात वर्ज्य असते, म्हणून एका भांड्यात शिजणारी साधी भाजी हेच मुख्य अन्न. पुढे अनुराधा नक्षत्रावर गौरीचे आवाहन होते, तेव्हा पुष्कळ घरी भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो. ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन, त्या दिवशी पुरणपोळी व सोळा भाज्या. मूळ नक्षत्रावर विसर्जन, त्या दिवशी दहीभात अथवा शेवयांची खीर.

हा क्रम नीट पाहिला तर एक जड दिवस, त्याच्या मागेपुढे हलका दिवस, अशी रचना स्पष्ट दिसते. कुळाचाराप्रमाणे थोडाफार फरक असतो, परंतु सगळेच दिवस पक्वान्नांचे, अशी रीत जुन्या घरांतूनही नव्हती. ती आपण अलीकडे निर्माण केली आहे. पंचमीस ऋषीच्या भाजीबरोबर पुरी-श्रीखंड, आवाहनास पाहुण्यांकरिता वडे आणि विसर्जनास पुन्हा गोडाचे जेवण, अशी भर पडत गेली. पूर्वी वाड्यातील चार-पाच जावा मिळून जो स्वयंपाक करीत, तो आज तीन खोल्यांच्या घरात एकटी स्त्री करते. तिच्यापैकी अनेकींना दुसऱ्या दिवशी कचेरीतही जावयाचे असते. म्हणून पहिला नियम हा की, हलका दिवस हलकाच ठेवावा.

पंचांग आधी पाहावे

महालक्ष्म्या तिथीवर नसून नक्षत्रावर असल्यामुळे चतुर्थी व गौरीपूजन यांतील अंतर दरवर्षी सारखे नसते. २०२४ साली चतुर्थी ७ सप्टेंबरला व गौरीपूजन ११ सप्टेंबरला होते. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला व पूजन १ सप्टेंबरला आले. एका दिवसाच्या या फरकाने भाजी आणणे, रजा मागणे व पाहुण्यांना बोलावणे सारेच बदलते. ज्या घरी नळास एक दिवसाआड पाणी येते त्यांनी तर पाण्याचा वारही या तारखांशी ताडून पाहावा. नारळी पौर्णिमा झाली की एका कागदावर दिवस, नैवेद्य, जेवणारांची पाने आणि काम करणाराचे नाव अशा चार रकाने आखलेल्या ओळी लिहाव्या व तो कागद स्वयंपाकघरात लावावा. चौथा रकाना रिकामा राहू नये, आणि त्यात एकच नाव पुन्हा पुन्हा येऊ नये.

आधी काय करता येते?

येथे शंका येते की, आधी केलेले अन्न देवास कसे चालेल? शिजवलेला भात, वरण, पुरण, भाज्या हे त्याच दिवशी ताजे व्हावे, यात दुमत नाही. परंतु तूप-तेलाने युक्त असलेले निर्दोष खाद्य शिळे झाले तरी त्याज्य नाही, असा विचार मनुस्मृतीच्या ५ व्या अध्यायात आला आहे. आपल्या घरांतूनही तळणाच्या जिन्नसांस हाच न्याय लावीत आले आहेत. महालक्ष्म्यांवर टांगावयाच्या फुलोऱ्याच्या करंज्या व पापड्या म्हणूनच तीन-चार दिवस आधी करून कोरड्या डब्यात ठेवता येतात.

याशिवाय पुढील कामे आधी उरकावी. मोदकाची पिठी, भाजणी व मसाले आठ दिवस आधी. गूळ चिरणे, वेलची-जायफळाची पूड, डाळ निवडणे चार दिवस आधी. नारळ खवणे व भाज्या धुऊन पुसून ठेवणे आदल्या सायंकाळी. ही सर्व कामे पुरुषांस व मुलांस सहज जमण्यासारखी आहेत. गूळ चिरण्यास व नारळ खवण्यास कोणतेही विशेष कौशल्य लागत नाही, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो.

प्रमाण

अंदाज चुकला की अन्न उरते किंवा ऐन वेळी पुन्हा चूल पेटवावी लागते. आमच्या घरचे प्रमाण असे आहे. १ वाटी पिठीचे १० ते ११ मोदक होतात. १ किलो हरभऱ्याची डाळ व तितकाच गूळ घेतल्यास मध्यम आकाराच्या ४० ते ४५ पोळ्या होतात, म्हणजे २० पानांस त्या पुरतात. पुरणाच्या जेवणात भात कमी लागतो, म्हणून २० पानांस सव्वा किलो तांदूळ पुष्कळ होतात. सोळा भाज्या निरनिराळ्या करण्याची शक्ती नसेल, तर सोळा प्रकार घालून एकच मिसळीची भाजी करण्याची चाल पुष्कळ घरी आहे. गिलकी, भेंडी, दोडका, भोपळा, गवार अशा बाजारात मिळणाऱ्या भाज्यांनी ती सिद्ध होते.

उरलेले अन्न

भाद्रपदातील हवा दमट असते. पुरण, नारळाचे सारण व भात लवकर आंबतात. शिजवलेला भात दोन तासांहून अधिक वेळ बाहेर राहू देऊ नये, कारण त्यात वाढणाऱ्या काही जंतूंचे विष पुन्हा तापविल्यानेही नाहीसे होत नाही. उरलेले अन्न मोठ्या पातेल्यात न ठेवता पसरट भांड्यांत काढून शीतकपाटात ठेवावे, म्हणजे ते लवकर थंड होते. कटाची आमटी दुसऱ्या दिवशी चांगली उकळून घ्यावी. पुरण बाहेर ठेवून दुसऱ्या दिवशी पाहुण्यांस वाढणे हे आदरातिथ्य नव्हे.

उपवास, औषध आणि नैवेद्याची वेळ

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. पाणी, मूळ, फळ, दूध, हवि, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध या आठांनी व्रतभंग होत नाही, असा शास्त्रकारांचा प्रसिद्ध निर्णय आहे. गर्भवती, लेकुरवाळ्या, वृद्ध व आजारी स्त्रियांनी त्याचा निःसंकोच आधार घ्यावा. दुसऱ्या दिवशी चुलीपुढे उभे राहावयाचे आहे, त्या स्त्रीने पाणी व फळ घेतले तर व्रतास बाध येत नाही.

तसेच चतुर्थीची पूजा मध्यान्ही व्हावी असे आहे. गुरुजी एक आणि घरे अनेक, त्यामुळे उशीर होतो, आणि हा दोष यजमानांचा नसून आमचा आहे. परंतु मधुमेहाचे औषध किंवा सुई घेतलेल्या वडीलधाऱ्यांनी नैवेद्याकरिता उपाशी बसून राहू नये. एका घरी आम्ही पोहोचलो तेव्हा आजोबा घामाघूम होऊन भिंतीस टेकले होते, आणि ‘नैवेद्य व्हावयाचा आहे’ म्हणून कोणी त्यांस साखरपाणीही दिले नव्हते. वडिलांनी आचमनापूर्वी त्यांस साखरपाणी पाजविले आणि मगच पूजेस आरंभ केला. लहान मुले व रोगी यांचे जेवण वेळेवर व्हावे. नैवेद्याचा भाग तेवढा आधी निराळा काढून ठेवावा, म्हणजे कोणाच्या मनास रुखरुख राहत नाही.

नैवेद्य किती?

पंचोपचार पूजेत गंध, पुष्प, धूप, दीप व नैवेद्य एवढेच आहे. नैवेद्य असावा असे सांगितले आहे, पदार्थांची संख्या सांगितलेली नाही. भक्तीने दिलेले पान, फूल, फळ, पाणी आपण स्वीकारतो, असे भगवंतांनी गीतेच्या ९ व्या अध्यायात सांगितले आहे. घरी आजारपण असेल, माणूसबळ नसेल, तर गूळ-खोबऱ्याचा नैवेद्यही पूर्ण आहे. तो दाखविताना यजमानांनी संकोचाने आमच्याकडे पाहू नये, एवढीच विनंती.

त्या वर्षापासून आमच्या घरी एकवीसच मोदक होतात, पिठीची उकड आम्ही मळतो, आणि पंचमीस ऋषीच्या भाजीखेरीज काही शिजत नाही. मातोश्रींच्या मनगटावरील डाग अद्याप आहे. परंतु आता आरतीच्या वेळी त्या स्वयंपाकघरात नसतात. आमच्याबरोबर देवापुढे उभ्या असतात.

घरी विचार करण्यासाठी प्रश्न

१. आपल्या घरी पंचमी व आवाहन हे दिवस हलके राहिले आहेत काय? नसल्यास कोणते पदार्थ मागाहून वाढले?

२. गेल्या वर्षी आरतीच्या वेळी घरातील कोण चुलीपाशी होते?

३. औषध घेणारे वडीलधारे कोण, आणि त्यांच्या जेवणाची वेळ कागदावर लिहिली आहे काय?

४. चौथ्या रकान्यात घरातील प्रत्येकाचे नाव एकदा तरी आले आहे काय?