न फिटणारी जमा : हरितगृहाची माती आणि जनावरांचे खत



धान्याच्या व्यापारात ज्याचे आयुष्य गेले त्याने मातीविषयी लिहावे, हे काहींस चमत्कारिक वाटेल. परंतु पांडेसऱ्यातील माझ्या वखारीत येणारा प्रत्येक दाणा मातीतूनच येतो. दोन वर्षांपूर्वी ओळखीच्या एका शेतकऱ्यास हरितगृहासाठी कोंबडीखत घेण्यास मी उसनी रक्कम दिली. नमुना पाहिल्याविना तुरीचे पोतेही न घेणारा मी, त्या खतात काय आहे हे विचारावयास विसरलो. त्या विसरातून हा अभ्यास घडला.

शेणखताने व कोंबडीखताने जमीन सुधारते, यात संशय नाही. खतातील नत्र पीक घेते, काही उडून जाते. सेंद्रिय अंश कालांतराने कुजून सरतो. तांबे, जस्त, कॅडमियम या धातूंचे मात्र तसे नाही. ते कुजत नाहीत, जळत नाहीत. अल्पसा भाग पिकाबरोबर निघतो. बाकीचा बहुतेक मातीतच साठतो.

हे धातू खतात येतात कोठून? कोंबड्या व डुकरे यांच्या खाद्यात वाढीसाठी तांब्याचे व जस्ताचे क्षार मिसळतात. गरजेहून अधिक असेल ते बहुतांशी विष्ठेवाटे बाहेर पडते. खाद्यातील स्फुरदयुक्त खनिजांबरोबर थोडे कॅडमियमही येते. युरोपीय संघाने डुकरांच्या पिलांना औषध म्हणून दिले जाणारे जस्त ऑक्साइड २०२२ साली बंद केले, त्यामागे हेही एक कारण होते.

सुरत-धुळे मार्गावरील नवापूर हे कुक्कुटपालनाचे मोठे केंद्र २००६ साली बर्ड फ्लूमुळे देशभर परिचित झाले. अशा केंद्रांतील खत शेतकरी आवडीने घेतात. उघड्या शेतापेक्षा हरितगृहात धोका अधिक. कारण तेथे वर्षात अनेक पिके निघतात, खत वारंवार पडते आणि छपरामुळे पावसाने माती धुतली जात नाही. नत्रखतांनी माती आम्ल झाली, की कॅडमियम पिकात अधिक शिरते.

आता हिशेब मांडू. खतात किलोमागे ३०० मिलिग्रॅम जस्त आहे असे धरा. हेक्टरी २० टन खतातून ६ किलो जस्त पडेल. वर्षातून दोनदा घातल्यास दहा वर्षांत १२० किलो. वरच्या सहा इंच मातीचे वजन हेक्टरी सुमारे २० लाख किलो. म्हणजे मातीच्या किलोमागे ६० मिलिग्रॅमची भर! पिकाने नेलेले वजा करावे, पण ती वजावट थोडी.

जपानच्या जिन्झू नदीकाठी खाणीच्या सांडपाण्यातील कॅडमियम भातात उतरले आणि लोकांची हाडे ठिसूळ झाली. १९६८ साली तेथील सरकारने हे कारण मान्य केले. तेथे दोष खताचा नव्हता. परंतु मातीतील धातू अन्नात येतो, हा धडा तोच.

मग खत सोडावे काय? मुळीच नाही. मोजून घालावे. खत कुजविल्याने धातू घटत नाहीत; वजन घटल्याने त्यांचे प्रमाण उलट वाढते. म्हणून खताची व मातीची प्रयोगशाळेत तपासणी करावी आणि आम्ल मातीस चुना द्यावा. खत (नियंत्रण) आदेश, १९८५ मध्ये शहरी कंपोस्टासाठी किलोमागे जस्त १०००, तांबे ३०० व कॅडमियम ५ मिलिग्रॅम या कमाल मर्यादा आहेत. तुलनेस त्या उपयोगी पडतात.

त्या शेतकऱ्यास मी आता तपासणीचा खर्च देऊ केला आहे. उसनी रक्कम आज ना उद्या फिटते. मातीच्या खात्यावर चढलेली ही जमा आपल्या नातवंडांच्या हयातीतही फिटणार नाही.